परळचे स्टेशन आणि गिरण्यांच्या जमिनीचा मलिदा

गर्दी ही निसर्गाची करणी आहे, असा एक समज मुंबई शहरात पद्धतशीरपणे जोपासण्यात आला आहे. समुद्राला भरती येते, आषाढात पाऊस कोसळतो, तशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान परळला गर्दी होते. तिला कोण काय करणार, असे या समजाचे थोडक्यात सूत्र. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, परळ आणि एलफिन्स्टन रोड ही दोन स्टेशने जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर २३ माणसे चेंगरून मेली. त्यानंतर पश्चिम रेल्वेची जी चौकशी झाली तिने याच सूत्राचा आधार घेतला आणि दोष पावसाच्या माथी मारला. पावसाला निलंबित करता येत नाही, त्याच्यावर खटला भरता येत नाही आणि त्याच्याकडून राजीनामाही मागता येत नाही. सत्ताधाऱ्यांना याहून सोयीस्कर आरोपी मिळणे कठीण!

त्या घटनेनंतर पुष्कळ काही घडले. लष्कराने नवा पूल बांधला. जुलै २०१८ मध्ये एलफिन्स्टन रोडचे नाव बदलून ‘प्रभादेवी’ झाले आणि १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या एका इंग्रज लॉर्डाची आठवण फलकावरून पुसली गेली. मार्च २०१९ मध्ये परळहून लोकल सुटू लागल्या. नाव बदलण्याला आमचा विरोध नाही आणि पूल बांधणाऱ्या जवानांविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु नाव, पूल आणि जादा गाड्या या तिन्हींमुळे मूळ प्रश्न जेथल्या तेथेच राहिला. तो प्रश्न असा : ज्या धोरणाने या स्टेशनावर गर्दी आणून ओतली त्या धोरणाचा लाभ कोणी घेतला, आणि त्या लाभातला किती वाटा स्टेशनाच्या जिन्यापर्यंत पोहोचला? हा प्रश्न अभियांत्रिकीचा नाही. तो अर्थशास्त्राचा आहे, आणि त्याहूनही अधिक तो न्यायाचा आहे.

तीन पाळ्यांचे स्टेशन आणि एका वेळेचे स्टेशन

परळ, करी रोड, चिंचपोकळी, लोअर परळ ही सगळी स्टेशने गिरणगावची. गिरणगावची रचना समजल्यावाचून या स्टेशनांचे दुखणे समजणार नाही. गिरणी कामगार गिरणीपासून पायी जाण्याच्या अंतरावर राहत असे. चाळीची खोली दहा बाय दहाची असेल, तीत एकाऐवजी दहा जण राहत असतील, खाणावळीत जेवत असतील. परंतु भोंगा झाला की कामगार चालत गिरणीच्या फाटकाशी येई. शिवाय गिरण्या पाळ्यांत चालत. एक पाळी सुटे तेव्हा दुसरी भरे. रस्त्यावरची आणि स्टेशनावरची वर्दळ दिवसभरात विभागली जाई. म्हणजे या औद्योगिक वस्तीत लाखो माणसे काम करीत असतानाही स्टेशनावरचा ताण स्टेशनाच्या आवाक्यात राहत असे. त्या जीवनाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यात दारिद्र्य होते, क्षय होता, सावकारी होती. पण कामाची जागा आणि राहण्याची जागा यांचा एक मेळ होता, हे नाकारता येणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. संप मोडला, गिरण्या एकामागून एक आजारी ठरल्या किंवा ठरविल्या गेल्या, आणि मालकांच्या ध्यानात आले की सूत विकण्यापेक्षा सुताखालची जमीन विकणे कितीतरी फायद्याचे आहे. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. बँका, विमा कंपन्या, जाहिरात संस्था, दूरचित्रवाणी वाहिन्या, मॉल आणि उपाहारगृहे आली. कामगार कल्याण, डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याकडे फेकला गेला किंवा गावाकडे परतला. त्याच्या मुलांपैकी ज्यांना नोकऱ्या मिळाल्या ती मुले आज त्याच जागी कोठे पहारेकरी, कोठे सफाईकामगार, कोठे कारकून म्हणून येतात. पण ती येतात तीस-चाळीस मैलांवरून, आणि सगळी एकाच वेळी येतात. कचेऱ्यांना तीन पाळ्या नसतात.

म्हणजे झाले काय? ज्या स्टेशनातून पूर्वी वस्तीतली माणसे बाहेर जात, त्या स्टेशनात आता बाहेरची माणसे दोन तासांच्या अवधीत उतरू लागली. प्रवाहाची दिशा उलटली आणि वेळ आक्रसली. जिने मात्र तेच राहिले. गिरण्यांच्या भिंती पडल्या, मनोरे चढले, पण भिंत आणि रूळ यांच्यामध्ये स्टेशनाची जी चिंचोळी पट्टी होती तिच्यात एका फुटाचीही भर पडली नाही. ही गर्दी आकाशातून पडलेली नाही. ती नकाशावर आखून, मंत्रालयात सही करून आणलेली आहे.

सही कोणी केली?

ही सही करण्याचा इतिहास सर्वश्रुत आहे, तरी तो पुनःपुन्हा सांगणे आवश्यक आहे; कारण विस्मरण हे धनदांडग्यांचे मोठे शस्त्र असते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले होते. एक वाटा मोकळ्या सार्वजनिक जागांसाठी महापालिकेला, दुसरा सार्वजनिक घरबांधणीसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. मुंबईच्या मध्यभागी, दोन्ही रेल्वेमार्गांच्या मधोमध, सुमारे ६०० एकर जमीन अशा रीतीने नव्याने मांडण्याची संधी होती. जगातील कोणत्याही मोठ्या शहराला अशी संधी शतकातून एखादेच वेळी मिळते. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने या जमिनींचा सुटासुटा तुकड्यांनी नव्हे तर एकत्रित विचार व्हावा, असा आग्रह धरला. तो अहवाल कपाटात गेला.

२००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. बांधकामाखालची जमीन वाटपाच्या हिशेबातून वगळण्यात आली. गिरणीच्या आवारात जी मोकळी जमीन असेल तेवढीच वाटायची असे ठरले. गिरणी म्हणजे बव्हंशी शेडच. मोकळी जागा ती किती? एका शब्दाच्या फेरफाराने लोकांचे दोन वाटे आटून गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही वाट अडविली. परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मोकळी केली. न्यायालयाच्या निर्णयाचा आदर राखूनही असे म्हणणे भाग आहे की, त्या दिवशी कायदा जिंकला असेल, शहर हरले.

आणि हे केवळ खाजगी मालकांनीच केले असे नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या तर जनतेच्या मालकीच्या होत्या. २००५ मध्ये त्यांतील काहींच्या जमिनी लिलावाने खाजगी कंपन्यांना विकण्यात आल्या. एलफिन्स्टन रोड स्टेशनापासून हाकेच्या अंतरावरील ज्युपिटर गिरणीची जमीन २७६ कोटी रुपयांना गेली. ही रक्कम वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण याच परिसरातील त्या जीवघेण्या पुलाला पर्याय म्हणून १२ मीटर रुंदीचा नवा पूल बांधण्यास रेल्वेने २०१५-१६ मध्ये मंजुरी दिली होती आणि त्याचा खर्च होता ११ कोटी ८६ लाख रुपये. एका गिरणीच्या जमिनीच्या एका व्यवहारातील विसाव्या हिश्श्याहूनही कमी! तरी सप्टेंबर २०१७ पर्यंत तो पूल कागदावरच राहिला. याच सप्टेंबरच्या १४ तारखेला अहमदाबाद येथे, एक लाख कोटींहून अधिक खर्चाच्या मुंबई-अहमदाबाद बुलेट गाडीची कोनशिला मोठ्या समारंभाने बसविण्यात आली होती. पंधरा दिवसांचे अंतर. ज्या राज्यव्यवस्थेला एक लाख कोटी दिसतात तिला बारा कोटी दिसत नाहीत, हा दृष्टिदोष नव्हे. हा वर्गदोष आहे.

पैसा नव्हता हे जसे खोटे, तसेच वेळ लागतो हेही खोटे. माणसे मेल्यानंतर ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस लष्कराला पाचारण करण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी एलफिन्स्टन रोड, करी रोड व आंबिवली असे तीन पूल लोकांसाठी खुले झाले. चार महिन्यांत तीन पूल! म्हणजे जे काम चार महिन्यांत होण्यासारखे होते ते वर्षानुवर्षे पडून होते, आणि ते सुरू होण्यासाठी २३ मृत्यूंची अट होती.

मोल कोणी निर्माण केले?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. परळच्या जमिनीला एवढे मोल कोठून आले? मनोरा बांधणाऱ्याने काच आणि सिमेंट आणले हे खरे. पण तीच काच आणि तेच सिमेंट त्याने एखाद्या माळरानावर नेले असते तर त्याला ते भाडे मिळाले असते काय? परळच्या जागेचे मोल याचसाठी आहे की तिच्या एका अंगाला मध्य रेल्वे आहे आणि दुसऱ्या अंगाला पश्चिम रेल्वे. कल्याणचा कारकून आणि वसईची टंकलेखिका या दोघांनाही जेथे एका गाडीने पोहोचता येते अशा जागा मुंबईत मोजक्याच आहेत. ही रेल्वे कोणी बांधली? जनतेच्या पैशाने ती बांधली व वाढविली गेली, आणि ती रोज चालू राहते ती रेल्वे कामगारांच्या श्रमांवर. म्हणजे जमिनीच्या मोलातील ही वाढ मालकाने कमावलेली नाही. समाजाने निर्माण केलेली आहे. रिकार्डोपासून हेन्री जॉर्जपर्यंत ज्या कोणी खंडाच्या सिद्धान्ताचा विचार केला त्यांनी हीच गोष्ट सांगितली. अर्थशास्त्रात हिला अनर्जित वाढ असे म्हणतात. अनर्जित वाढ ज्याच्या खिशात जाते त्याच्यावर तिचा काही भार टाकणे यात क्रांतिकारक असे काही नाही. परकीय सरकारनेही हे तत्त्व मान्य केले होते. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात, योजनेमुळे जमिनीची जी किंमत वाढेल तिच्या निम्म्यापर्यंतची रक्कम सुधारणा आकार म्हणून वसूल करण्याची तरतूद होती. इंग्रजाला जे कळले ते स्वराज्यात विसरले गेले!

परदेशांतले दाखले हवे असतील तर तेही आहेत. फ्रान्समध्ये १९७१ पासून पॅरिस विभागातील मालकांवर, ते जे वेतन देतात त्याच्या प्रमाणात, सार्वजनिक वाहतुकीसाठी कर बसविला जातो. त्यामागचा विचार साधा आहे : कामगार वेळेवर कामावर पोहोचतो याचा लाभ मालकाला होतो, तेव्हा त्याच्या प्रवासाच्या खर्चाचा वाटाही मालकाने उचलला पाहिजे. हाँगकाँगसारख्या, समाजवादाशी काडीचाही संबंध नसलेल्या नगरीत स्टेशनालगतच्या जमिनीच्या विकासाचा लाभ रेल्वे मंडळाला मिळतो आणि त्यातून रेल्वे वाढते. आणि आपल्या महाराष्ट्राला तर बाहेर पाहण्याचीही गरज नाही. १९७५ मध्ये याच राज्याने व्यवसाय कर बसविला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातील पगारदाराने दुष्काळी भागातील मजुराच्या कामासाठी कर द्यावा, हे तत्त्व आपण देशात प्रथम अमलात आणले. मग मनोऱ्यातील कंपनीने, तिच्याच नोकरांना चेंगरणाऱ्या जिन्यासाठी कर द्यावा, हे तत्त्व एवढे अवघड का वाटावे?

बांधकामावर विकास शुल्क आहे, असे उत्तर येईल. आहे. परंतु ते मेट्रो, उन्नत मार्ग, सागरी सेतू अशा भव्य प्रकल्पांच्या दिशेने वाहते. ज्या उपनगरी स्टेशनाच्या जिवावर तो मनोरा उभा आहे, त्या स्टेशनाच्या जिन्यासाठी, पुलासाठी, फलाटासाठी त्यातला पैसा राखून ठेवण्याची सोय नाही. स्टेशन रेल्वेचे, स्टेशनाबाहेरचा रस्ता महापालिकेचा, उड्डाणपूल प्राधिकरणाचा आणि बस बेस्टची. प्रवाशाचा मात्र कोणीच नाही.

‘तिकीट स्वस्त आहे’ आणि इतर युक्तिवाद

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. त्यांचा समाचार घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप : उपनगरी प्रवासाचे तिकीट अतिशय स्वस्त आहे, रेल्वेला त्यात तोटा होतो, म्हणून सोयी देता येत नाहीत. या आक्षेपातील चलाखी अशी की, स्वस्त तिकिटाचा लाभ फक्त प्रवाशाला होतो असे त्यात गृहीत धरले आहे. वास्तविक महिन्याच्या पासाला कमी पैसे लागतात म्हणूनच मुंबईतील मालकाला कमी पगारावर माणूस मिळतो. पास महाग झाला तर उद्या पगारवाढीची मागणी येईल. तेव्हा स्वस्त तिकीट ही जितकी प्रवाशाला सवलत आहे तितकीच, किंबहुना अधिक, ती मालकवर्गाला दिलेली देणगी आहे. शिवाय मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठीचा अधिभार या ‘स्वस्त’ तिकिटातच समाविष्ट आहे. म्हणजे स्टेशने सुधारण्यासाठी वसईची टंकलेखिका पैसे देते. ती ज्या मनोऱ्यात काम करते त्याचा मालक देत नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. प्रवासी धक्काबुक्की करतात, दारात लोंबकळतात, रूळ ओलांडतात. करतात, हे खरे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, तेव्हाही हाच उपदेश ऐकावा लागला. पण रेल्वेच्या स्वतःच्या परिभाषेत गर्दीच्या वेळच्या लोकलचे वर्णन, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे, असे केले जाते. एका चौरस मीटरमध्ये सोळा माणसे उभी करायची आणि मग त्यांना शिस्तीचे धडे द्यायचे, हा प्रकार उपाशी माणसाला जेवणाचे शिष्टाचार शिकविण्यासारखा आहे. २००५ ते जुलै २०२४ या काळात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ५१ हजारांहून अधिक माणसे मेली, ही आकडेवारी रेल्वेनेच उच्च न्यायालयापुढे ठेवलेली आहे. एवढी माणसे बेशिस्तीने मरत नाहीत. एवढी माणसे व्यवस्थेने मरतात.

तिसरा आक्षेप सर्वांत विषारी : बाहेरून लोंढे येतात म्हणून गर्दी होते. परळच्या बाबतीत तर हा आक्षेप शुद्ध खोटा आहे. परळला सकाळी उतरणाऱ्यांत कित्येक जण असे आहेत की ज्यांचे आईबाप येथेच राहत होते. त्यांना बाहेर कोणी घालविले? घरांसाठी गिरणी कामगारांचे व त्यांच्या वारसांचे दीड लाखाहून अधिक अर्ज आले. त्यांपैकी फार तर दहांतील एकाला आजवर घर मिळाले. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ केली जात आहेत. नकाशा उघडून पाहावा : ही दोन्ही ठिकाणे कर्जतच्या वाटेवर, बदलापूरच्याही पलीकडे आहेत. म्हणजे गिरणगावच्या जमिनीवरचा ज्याचा हक्क बुडविला, त्याला आणखी एक हक्क बहाल करायचा : रोज पहाटे उठून लोकलला लोंबकळत परळला येण्याचा! कामगारांनी या घरांना विरोध केला तो हट्टापायी नव्हे. नवा लोंढा सरकारच तयार करीत आहे, हे त्यांनी ओळखले आहे.

बस कोठे गेली?

स्टेशन म्हणजे केवळ रूळ आणि फलाट नव्हे. गाडीतून उतरलेला माणूस पुढे कसा जातो यावर स्टेशनाची कुवत ठरते. परळच्या परिसरात केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये आहेत. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून, किंबहुना देशभरातून, रोगी आणि त्यांचे नातलग या स्टेशनात उतरतात. त्यांना दारात बस हवी. कचेरीत जाणाऱ्यालाही दारात बस असेल तर तो जिन्याच्या तोंडाशी रेंगाळत नाही, पुढे सरकतो. गर्दीचे व्यवस्थापन म्हणजे शिट्टी वाजविणारा शिपाई नव्हे. ठरलेल्या वेळी येऊन माणसे उचलून नेणारी बस होय.

परंतु बेस्टची आज काय अवस्था आहे? ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ही कंपनी मुंबईच्या जनतेच्या मालकीची झाली. एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेला बसगाड्यांचा ताफा आता तीन हजारांच्याही खाली आला आहे, आणि त्यांतील बहुसंख्य गाड्या कंत्राटदारांच्या आहेत. कंत्राटी चालकांना ऑगस्ट २०२३ मध्ये पगारासाठी काम बंद ठेवावे लागले. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला स्टेशनाजवळ अशाच भाडेतत्त्वावरील एका विजेच्या बसने माणसांना चिरडले. तेव्हा चालकाला नव्या धर्तीच्या गाडीचे पुरेसे प्रशिक्षण होते काय, हा प्रश्न पुढे आला. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. गाड्या निम्म्याकडे, भाडे दुप्पट! २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होता. त्यात बेस्टच्या वाट्याला आले एक हजार कोटी. त्याच अर्थसंकल्पांतून मोटारींसाठी किनारी रस्ते होतात. त्यांना कोणी तोटा म्हणत नाही. बसला जे दिले जाते ते अनुदान आणि मोटारीला जे दिले जाते ती गुंतवणूक, असा हा नवा शब्दकोश आहे.

पूल पाडला तो कोणासाठी?

या शब्दकोशाचा ताजा वापर परळलाच पाहावयास मिळाला. शंभरहून अधिक वर्षे पूर्व-पश्चिम परळ जोडणारा एलफिन्स्टनचा रस्तापूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद करून पाडण्यास घेण्यात आला. कारण, शिवडी-वरळी उन्नत मार्ग तेथून न्यायचा आहे. हा मार्ग जोडला जाणार अटल सेतूला. जानेवारी २०२४ मध्ये या सेतूचे उद्घाटन झाले तेव्हा मोटारीला एका फेरीचा पथकर २५० रुपये ठेवण्यात आला. दुचाकीला आणि रिक्षाला तर तेथे प्रवेशच नाही. नव्या दुमजली पुलाच्या खालच्या मजल्यावरून स्थानिक वाहतूक चालेल, असे आश्वासन दिले गेले आहे. ते पाळले जावो. जुना पूल म्हातारा झाला होता, तो बदलणे भाग होते, हेही आम्ही मान्य करतो. प्रश्न क्रमाचा आहे. रोगी, परिचारिका, कामगार आणि विद्यार्थी यांच्यासाठी आधी पर्यायी पादचारी वाट आणि बसची सोय, पुलालगतच्या जुन्या इमारतींतील रहिवाशांचे आधी पुनर्वसन, आणि मग पाडकाम, असा क्रम का लावता आला नाही? रहिवाशांना त्यासाठी रस्त्यावर का यावे लागले? पायी जाणाऱ्याच्या पुलाला बारा कोटी मिळण्यासाठी त्याने मरावे लागते; मोटारवाल्याच्या पुलासाठी मात्र पायी जाणाऱ्याची वाट एका रात्रीत बंद होते.

आता काय करावयाचे?

केवळ निषेधाने भागणार नाही. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर गादी बसविली आणि वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली. ही कामे अवाढव्य खर्चाची नव्हती. त्यांमागे एक दृष्टी होती : रेल्वे ही सामान्य माणसाची आहे, आणि तिच्या सुधारणेचा आरंभ शेवटच्या डब्यापासून झाला पाहिजे. ती दृष्टी घेऊन परळच्या, आणि परळसारख्या प्रत्येक स्टेशनाच्या, प्रश्नाला भिडले पाहिजे.

पहिली मागणी : उपनगरी स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरातील कचेऱ्या, मॉल आणि आलिशान हॉटेले यांच्यावर क्षेत्रफळाच्या प्रमाणात स्टेशन उपकर बसवावा. तो वेगळ्या निधीत जमा व्हावा आणि त्याच स्टेशनाच्या पूल, जिने, फलाट, स्वच्छतागृहे व बसथांबे यांवरच खर्च व्हावा. राहत्या चाळी आणि लहान दुकाने यांना त्यातून पूर्ण सूट असावी.

दुसरी : स्टेशनालगत कोणत्याही इमारतीचा पुनर्विकास करताना स्टेशनाच्या बाजूची पट्टी पादचाऱ्यांसाठी आणि बससाठी मोकळी सोडणे बंधनकारक करावे. रेल्वेची जमीन व्यापारी कामासाठी देण्यापूर्वी प्रवाशांची गरज भागली आहे, असे जाहीर सुनावणीत सिद्ध करावे लागावे.

तिसरी : बेस्टचा तोटा महापालिकेच्या अर्थसंकल्पात सामावून घ्यावा, कंत्राटी पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करून स्वतःच्या गाड्या व स्वतःचे कायम कामगार यांवर तिची उभारणी व्हावी.

चौथी : प्रत्येक स्टेशनाच्या पुलांची व जिन्यांची क्षमता आणि तेथील गर्दीच्या वेळची प्रवासीसंख्या दरवर्षी फलकावर जाहीर व्हावी, आणि क्षमता ओलांडली गेल्यास उत्तर देण्यास बांधलेला अधिकारी कोण, तेही त्याच फलकावर लिहिलेले असावे. म्हणजे पुढच्या वेळी पावसाला साक्षीला बोलवावे लागणार नाही.

पाचवी, आणि सर्वांत मूलभूत : गिरणी कामगारांना मुंबईतच घरे मिळाली पाहिजेत. कामाजवळ घर हा लोकलची गर्दी कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

या मागण्या केवळ एका पक्षाच्या नाहीत. रेल्वे कामगारांच्या संघटना, बेस्टचे कामगार, गिरणी कामगार आणि प्रवासी संघ आजवर आपापले निवेदन घेऊन आपापल्या साहेबाकडे जात आले. साहेब चार असल्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखविता आले. हे चार प्रवाह एकत्र आले पाहिजेत. लोकल चालविणारा मोटरमन, तिच्यातून येणारा कारकून, बस चालविणारा चालक आणि वांगणीचे घर नाकारणारा गिरणी कामगार यांचे हितसंबंध एक आहेत, कारण या चौघांच्या श्रमांवर आणि हालांवर परळच्या जमिनीचे मोल उभे आहे. ज्यांनी ते मोल निर्माण केले त्यांनी आपला वाटा भीक म्हणून नव्हे तर येणे म्हणून मागावा. येणे मागायला धनकोने मान खाली घालण्याचे कारण नाही.